रविवारचा हात

प्रल्हाद मोहिते डाव्या हाताने शेकहँड करायचे. समोरच्याचा उजवा हात सवयीने पुढे आलेला असायचा. तो गोंधळून मागे जायचा, मग डावा यायचा, कधी दोन्ही एकदम यायचे, आणि तेवढा वेळ मोहिते आपला डावा हात हवेत तसाच धरून शांतपणे बघत राहायचे. उजवा हात त्यांना मनगटापासून नव्हता. तरी मला वाटायचं, माणसाने सरळ नमस्कार करून वेळ मारून न्यावी. न विचारता सल्ला देणं हा मास्तरकीचा जुना आजार. एकदा तसं बोललोही.

"नमस्काराला दोन लागतात, सर," ते म्हणाले. "एका हाताने होतो तो सलाम. तो आमच्या बापाने सोडला. मी कशाला परत धरू?"

मोहित्यांविषयी लिहायचं पुष्कळ वर्षं टाळलं. परवा मला पंच्याहत्तर पूर्ण झाली म्हणून विद्यार्थ्यांनी दादरला सत्कार केला. शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं यथासांग. एका विद्यार्थ्याने भाषणात सांगितलं की कृत्रिम हाताच्या बोटांवर बसवायची जी त्वचा आमच्या प्रयोगशाळेत तयार झाली, ती काढून धुता यायला हवी ही दृष्टी सरांची. सरांचं सूक्ष्म निरीक्षण. टाळ्या झाल्या. मी मान खाली घातली, आणि लोकांना तो विनय वाटला. गिरगावला परत येताना टॅक्सीत नारळ पायाशी होता. प्रत्येक वळणाला तो घरंगळत येऊन माझ्या घोट्यावर आपटायचा. दिवसभरात माझ्याशी स्पष्टपणे वागलेला तो एकटाच.

तर ते निरीक्षण माझं नव्हतं. माझं काय होतं ते पुढे येईलच. अशा गोष्टी लपवायला गेलं तरी डोकं वर काढतात.

परळच्या कॉलेजात निवृत्तीच्या आधीची काही वर्षं मी स्पर्श ओळखणारे सेन्सर बनवत होतो. कल्पना माणसाच्या कातडीवरूनच घेतलेली. आपल्या बोटाच्या कातडीत वेगवेगळ्या खोलीवर वेगवेगळे पहारेकरी बसलेले असतात. कुणी दाब सांगतो, कुणी घसरणं सांगतो, कुणी थरथर. बोटांवरच्या ज्या रेषा आपण अंगठा उठवायला वापरतो, त्या खरं म्हणजे पृष्ठभागावरून फिरताना ही थरथर वाढवून आत पोचवतात. आम्ही रबरासारख्या मऊ पदार्थाचे थर करून त्यात सेन्सर पेरले, वर बारीक रेषा उठवल्या, आणि हे सगळं एका यांत्रिक हाताच्या बोटांवर चढवलं. बोटाला काही लागलं की दंडावर बांधलेला पट्टा त्या त्या प्रमाणात घुरघुरायचा. सवयीने माणसाला ते दंडावर नव्हे, बोटातच झाल्यासारखं वाटतं.

हा हात वापरून बघायला मोहिते आमच्याकडे आले, तेव्हा पहिल्याच दिवशी मी त्यांना हे सगळं फळ्यावर आकृत्या काढून सांगितलं. ते एक शब्द न बोलता ऐकत होते. मला वाटलं, माणूस भारावला. शेवटी म्हणाले, "एवढं सगळं होतं होय त्यात. आणि मी मशीनमध्ये घालून बसलो."

कुठल्या मशीनमध्ये, हे त्यांच्याकडून कधी कळलं नाही. हात कसा गेला याची त्यांची गोष्ट माणसागणिक बदलायची. आमच्या शिपायाला त्यांनी सांगितलं होतं, शिवडीच्या खाडीत मासा घेऊन गेला. कॅन्टीनवाल्याला सांगितलं, बायकोने लग्नात धरला तो सोडलाच नाही. कॉलेज बघायला आलेल्या एका परदेशी पाहुण्याला त्यांनी गंभीरपणे सांगितलं की आमच्याकडे कर भरला नाही तर असं करतात, आणि मला तो गैरसमज दूर करता करता चहा गार करावा लागला. खरी गोष्ट त्यांच्या पत्नीने, सुमनताईंनी, सांगितली. मोहिते लालबागच्या एका बाइंडिंग कारखान्यात कागद कापायच्या मशीनवर होते. संध्याकाळी कॅरमची फायनल होती. घाई झाली.

कारण मोहिते कॅरम खेळायचे. नुसते खेळायचे नाहीत. काळाचौकीपासून परळपर्यंत त्यांच्या उजव्या हाताचं नाव होतं, असं तेच सांगायचे. खेळाआधी बोर्डवर बोरिक पावडर टाकून ते तीन बोटांनी सबंध बोर्ड पुसून घ्यायचे. त्याला ते बोर्ड वाचणं म्हणत. लाकूड कुठे दमट, कुठे मंद, कुठे सोंगटी जास्त पळेल, ते बोटांना कळायचं. हात गेल्यावर डाव्याने स्ट्रायकर मारायला ते शिकले, पण डाव्याला वाचता कधी येईना. "डावा अडाणी राहिला," म्हणायचे. "मारतो, पण कुठे मारतो ते त्याला ठाऊक नाही."

हे त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. समोरचा बोलतो तेव्हा माझी पाळी कधी येते याची वाट बघत बसायची मला सवय आहे. ही सवय या हकिगतीत फार महत्त्वाची आहे.

चाचण्या सुरू झाल्या. डोळ्यांवर पट्टी बांधून मोहित्यांनी वेगवेगळे पृष्ठभाग ओळखायचे. आम्ही घासकागद, मखमल, काच, स्पंज असे नमुने ठेवले होते. दोन-तीन बैठकांत त्यांना कंटाळा आला. जगात मखमलीला रोज कोण हात लावतं, असं त्यांनी अश्विनीला विचारलं. अश्विनी माझी संशोधक विद्यार्थिनी. सेन्सरचं खरं काम तिचंच होतं, मी तिच्या कामावर सही करायचो. मोहित्यांनी तिला सांगितलं की उद्यापासून नमुने मी आणतो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पिशवीतून तांदळाची भाकरी, कच्चा पापड, लुगड्याचा काठ आणि डब्यात पाण्यासकट ओले बोंबील निघाले.

निसरडी वस्तू सुटायला लागली की बोटांनी आपोआप पकड घट्ट करायची, ही त्या हाताची खासियत होती. कागदावर ती फार सुंदर दिसायची. मी जवळ उभा राहून मोहित्यांना ती समजावत होतो. हाताने बोंबील धरला, बोंबील सटकला, हाताने पकड वाढवली, बोंबील आणखी सटकला, हाताने आणखी वाढवली. पुढचं सगळं माझ्या शर्टावर घडलं. अश्विनी तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाली. मोहिते पट्टी न काढता म्हणाले, "सर, पडला का कुठे?"

आमच्या घरी मासे चालत नाहीत. शर्ट बायकोने चिमट्याने धरून बाल्कनीत टांगला आणि दोन दिवस माझ्याशी कमी बोलली. पण त्या बोंबलामुळे आम्हाला कळलं की नुसती पकड वाढवून भागत नाही. घसरणाऱ्या वस्तूला कधी सैल धरावं लागतं. हे मी लगेच टिपून घेतलं आणि नंतर अनेक ठिकाणी सांगितलं. बोंबलाचा उल्लेख वगळून.

एक प्रसंग मात्र विनोदाचा नाही. रेषा उठवलेली नवी त्वचा पहिल्यांदा चढवली त्या दिवशी मोहित्यांनी कुठलाच नमुना घेतला नाही. माझ्या जुन्या लाकडी टेबलावरून त्यांनी हात हळूहळू फिरवला. एकदा या कडेपासून त्या कडेपर्यंत, मग परत. अश्विनीने विचारलं, काही चुकतंय का? त्यांनी मानेने नाही म्हटलं. मग मला म्हणाले, "इथे कधी पाणी सांडलं होतं का हो?"

सांडलं होतं. फुलदाणी कलंडली होती, त्याला बरीच वर्षं झाली होती.

"अजून जरा वेळ राहू दे," ते म्हणाले, आणि आम्ही राहू दिलं.

त्यानंतर आम्ही ठरवलं की शनिवारी त्यांनी हात घरी न्यावा आणि सोमवारी परत आणावा. रोजच्या जगण्यात तो किती टिकतो ते बघायचं होतं. सूचना मीच वाचून दाखवल्या: घरगुती वापर फक्त, पाणी नाही, धूळ नाही, खेळ नाही. मोहित्यांनी "होय सर" म्हटलं ते इतक्या लवकर की दुसऱ्या कुणाला संशय आला असता.

आणि सोमवारचा दोष सुरू झाला. शनिवारी तल्लख असलेली बोटं सोमवारी बथ्थड होऊन यायची. दाब कळायचा, पण पोत कळेना. घासकागद आणि काच त्यांना सारखेच. आठवडाभर कापडाने पुसून, हाताळून जरा सुधारायचं, की पुन्हा शनिवार यायचा. मी मोहित्यांना खोदून विचारलं नाही. अश्विनी म्हणाली, सर, त्यांनाच विचारू ना. मी तिला सांगितलं की ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला विचारून विज्ञान होत नसतं. हे वाक्य मला तेव्हा आवडलं होतं.

माझा सिद्धांत दमट हवेचा होता. मोहित्यांचं घर काळाचौकीला चाळीत. दोन खोल्या, मोरी आत, पलीकडे बंदर. खारी ओलसर हवा रबरात शिरते, ते फुगतं, रेषा मिटतात. आकृत्या झकास झाल्या. एका परगावच्या परिषदेत मी तो सिद्धांत मांडला. समोरच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ मान डोलावत होते. नंतर कळलं, त्यांना झोप लागली होती. तरी टाळ्या पडल्या, आणि पडलेली टाळी परत देता येत नाही.

आता फक्त पुरावा हवा होता. म्हणून एका रविवारी मी हवेतला ओलावा मोजायचं यंत्र पिशवीत घालून मोहित्यांच्या घरी गेलो. न कळवता. कळवलं असतं तर त्यांनी खिडक्या उघडून आकडे बिघडवले असते, असा माझा हिशेब.

सुमनताईंनी दार उघडलं. बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर त्यांनी स्वतः जागा करून मला यंत्र ठेवू दिलं, काय आहे हेही न विचारता. चहा केला. यंत्राचा आकडा माझ्या गिरगावच्या घरातल्यापेक्षा कमी आला. मी ते उलटं करून बघितलं, झटकून बघितलं.

"मोहिते कुठे आहेत?" मी विचारलं.

"खाली. मंडळाच्या खोलीत," त्या म्हणाल्या. "रविवारी आमच्याकडे नसतातच ते. त्यातून हात आल्यापासून तर जेवायलासुद्धा बोलवावं लागतं."

खाली मंडळाची खोली माणसांनी भरली होती. मधोमध बोर्ड, वर लोंबता दिवा. मोहिते बोर्डवर वाकले होते. पावडरची डबी उपडी झालेली होती आणि ते आमच्या प्रयोगशाळेच्या, रेषा कोरलेल्या, पाण्याधुळीपासून जपायच्या बोटांनी सबंध बोर्ड पुसत होते. मनगटापर्यंत पांढरे. डोळे मिटलेले. एका कोपऱ्याशी हात थांबला, मागे गेला, परत आला.

"इथे मंद आहे," ते म्हणाले. "आणि राणीच्या वरच्या अंगाला पळतोय."

मग डाव्याने स्ट्रायकर मारला तो सरळ खिशात गेला. बोर्डभोवती हशा पिकला. "मोहिते, वाचायला येतंय, लिहायचं शिका आता," कुणीतरी म्हणालं. मोहिते सगळ्यांत मोठ्याने हसले. तो डाव ते हरले. मी उभा असेपर्यंतचे सगळेच हरले. माणूस इतका आनंदाने हरताना मी पाहिला नव्हता.

मी दिसलो तेव्हा ते दचकले नाहीत. "सर, आत या," म्हणाले. "चपला बाहेर." आणि कडेच्या माणसाला उठवून माझ्यासाठी स्टूल पुढे केलं.

मी बसलो नाही. अंगात संताप चढला होता. पावडरचा नव्हता तो. पावडर झटकता आली असती. माझा दमट हवेचा सिद्धांत एका कॅरम बोर्डावर पसरलेला मला दिसत होता. त्या खोलीत कुणाला त्याची खबरही नव्हती. पण मला वाटलं, हसले ते मलाच.

सोमवारी अश्विनीने हात मोहित्यांच्या अंगावर असतानाच त्याची बोटं सूक्ष्मदर्शकाखाली धरली. रेषांच्या खोबणी पावडरने लिंपून गेल्या होत्या. तिने मला बघायला बोलावलं. मी गेलो नाही. मोहित्यांना मी सांगितलं की त्यांनी अटी मोडल्या, त्यांचं काम आजपासून संपलं, हात इथेच राहील.

त्यांनी अटींविषयी काहीच वाद घातला नाही. म्हणाले, "बाकीचे दिवस तुमचाच राहू दे, सर. मला फक्त रविवारपुरता द्या. धुऊन आणीन."

"ती बादली नाही, मोहिते," मी म्हणालो.

हे माझं वाक्य. सत्कारात याचा उल्लेख झाला नाही.

पुढे अश्विनीने बोटांवरून मोज्यासारखी उतरवता येईल आणि साबणाने धुता येईल अशी त्वचा बनवली. मोहिते म्हणाले होते त्यात तथ्य आहे, असं तिने मला तोंडावर सांगितलं. मग मी "धुऊन आणीन" हे इंग्रजीत, आकृत्यांसकट, मोठ्या सभागृहात वाचून दाखवलं, आणि इंग्रजीत ते शोधासारखं ऐकू आलं. नवा हात मोहित्यांना द्यावा, निदान रविवारचा तरी, असं अश्विनीचं म्हणणं होतं. मी म्हटलं, बघू. 'बघू' म्हणणाऱ्या माणसाने बहुधा बघून टाकलेलं असतं. अश्विनीने दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा केली नाही. तो हात आता कॉलेजच्या दारातल्या काचेच्या कपाटात आहे. त्याच्या बोटांना स्पर्श कळतो, आणि त्याला हात लावायला मनाई आहे. खाली पट्टीवर माझं नाव आहे.

सत्कारानंतर तीन-चार दिवसांनी काळाचौकीला गेलो. चाळ अजून आहे. सुमनताईंनी दार उघडलं तेव्हाच मला कळलं. फळीवर बाबासाहेबांच्या शेजारी दुसरी तसबीर होती. फोटोत मोहिते हसत होते आणि उजवी बाजू चौकटीबाहेर होती. मागच्या वर्षी गेले, झोपेतच, त्या म्हणाल्या. मी सत्कारातली शाल पिशवीत घेऊन गेलो होतो, त्यांना द्यावी म्हणून. ती बाहेर काढायचं धाडस झालं नाही.

ते माझ्याविषयी काय बोलायचे, हे मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं.

"वाईट कधीच नाही बोलले," त्या म्हणाल्या. "उलट हात कुठे गेला कुणी विचारलं की शेवटी शेवटी एकच सांगायचे. पूर्वीसारखं मासाबिसा काही नाही. सांगायचे, माझा हात परळला प्रोफेसरांकडे असतो. त्यांना लागतो."

मी चहा प्यायलो. निघताना मंडळाच्या खोलीत डोकावलो. बोर्ड भिंतीला टेकवून उभा होता, त्यावर कापड. माझा हात त्यावर फिरवून बघावा असं वाटलं. मग वाटलं, मला काय कळणार आहे.

आता राहिलेली एक गोष्ट. मी हात परत घेतला, असं वर लिहून पुढे सरकलो. कसा घेतला ते टाळलं.

त्या सोमवारी बादलीचं ऐकून झाल्यावर मोहिते थोडा वेळ माझ्या टेबलासमोर उभे राहिले. मलाही आता हे लवकर आटपायचं होतं, आणि सभ्यपणे आटपायचं होतं. तोवर मला त्यांची सवय चांगली अंगवळणी पडली होती. मी न गोंधळता, न चुकता, बरोबर डावा हात पुढे केला. त्याचा मला त्या वेळीही थोडा अभिमान वाटल्याचं आठवतं.

मोहित्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग आपला डावा हात उचलला. उजवाही उचलला. दोन्ही तळवे छातीशी आणून जुळवले. रबरी बोटं सरळ व्हायला जरा वेळ घ्यायची. ती सरळ होईपर्यंत ते थांबले. तळव्याला तळवा लागला तसा दंडावरचा पट्टा शर्टाच्या आत बारीक घुरघुरला.

"नमस्कार, सर," ते म्हणाले.

मग डाव्या हाताने त्यांनी एकेक पट्टा सोडला आणि उजवा हात माझ्या टेबलावर, पूर्वी पाणी सांडलं होतं तिथे, उताणा ठेवला. लाकडावर थोडी पांढरी पावडर सांडली. ते दाराबाहेर गेले तेव्हा माझा डावा हात अजून हवेतच होता.